शिक्षण, आरोग्य आणि आयुष्यभराचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, आशाताई आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिक्षण आणि आरोग्य हे तर सामाजिक विषय. यात अर्थशास्त्र कुठून आलं?

मजुरीचा रोज बुडतो तिथून. घरातलं माणूस आजारी पडलं की त्याची मजुरी जाते, औषधाला पैसे जातात आणि सोबत दवाखान्यात बसणाऱ्याचाही दिवस जातो. शिक्षणाचंही असंच असतं. फी, वह्या, एसटीचा पास हा खर्च डोळ्यांना दिसतो. मुलगा त्या वेळात शेतावर किंवा गॅरेजवर राहिला असता तर चार पैसे आणले असते, हा खर्च दिसत नाही. दोन्हीकडे आज झळ सोसायची आणि फळाची वाट वीस-तीस वर्षं पाहायची, म्हणून अर्थतज्ज्ञ दोन्हींना गुंतवणूक म्हणतात. एका गुंतवणुकीमुळे दुसरीचा परतावा वाढतो की बुडतो, हा खरा विषय आहे.

२. आरोग्याला ‘भांडवल’ का म्हणतात? ऐकायला विचित्र वाटतं.

मायकेल ग्रॉसमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७२ साली ही मांडणी नीट बांधली. जन्मतः प्रत्येकाकडे आरोग्याचा काही साठा असतो. तो दरवर्षी झिजतो आणि वय वाढेल तशी झीजही वाढते. आहार, झोप, व्यायाम, उपचार आणि आपला स्वतःचा वेळ घालून आपण तो थोडाफार भरून काढत राहतो. साठा ठरावीक पातळीखाली गेला की मृत्यू. ग्रॉसमनचा बारकावा असा की बाजारात गोळ्या मिळतात, आरोग्य मिळत नाही. ते ज्याचं त्याला तयार करावं लागतं. तेवढ्याच पैशांत आणि तेवढ्याच वेळात शिकलेला माणूस जास्त आरोग्य तयार करतो, अशी त्याची अटकळ होती. औषधाचा कोर्स पुरा करणं, पाकिटावरची मुदत वाचणं, डॉक्टरला उलटा प्रश्न विचारणं, या सगळ्यातून ते होतं.

या मांडणीतली मला खटकणारी गोष्ट म्हणजे, यात माणूस जणू स्वतःच्या आयुष्याची लांबी स्वतःच निवडतो. हातावर पोट असलेल्याला असली निवड कोण देतं? (प्रश्न ९ पाहा.)

३. शिकलेल्यांना पगार चांगला, म्हणून तब्येत चांगली. एवढंच ना?

एवढंच नाही. पैसा हा मोठा दुवा आहे, पण एकटा नाही. डेव्हिड कटलर आणि एड्रियाना ल्येरास-म्युनी या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिका आणि ब्रिटनमधली आकडेवारी तपासली. धूम्रपान, वजन, सीटबेल्ट, तपासण्या अशा आरोग्याच्या सवयींमध्ये कमी शिकलेल्या आणि जास्त शिकलेल्यांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ३० टक्के उत्पन्न, विमा आणि घरची परिस्थिती यांनी उलगडतो. आणखी ३० टक्के माहिती आणि आकलनक्षमता यांनी, तर १० टक्के माणसाच्या सामाजिक संबंधांनी. उरलेल्याचं कारण त्यांना मिळालं नाही.

कामाचं स्वरूप हा आणखी एक दुवा. शिकलेल्या माणसाला बहुधा खुर्चीवरचं काम मिळतं; दगडखाणीतली धूळ किंवा कीटकनाशकाचा फवारा त्याच्या वाट्याला येत नाही. पगार सारखा असला तरी फुप्फुसांचा हिशेब वेगळा होतो.

४. शिक्षणामुळेच आयुष्य वाढतं हे सिद्ध झालंय का? की मुळात धट्टीकट्टी, खात्यापित्या घरची मुलंच जास्त शिकतात?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आणि सगळ्यात प्रामाणिकपणे भांडला गेलेला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. तिसरी शक्यता १९८२ साली अर्थतज्ज्ञ व्हिक्टर फुक्स यांनी मांडली: ज्यांच्यात धीर असतो, उद्यासाठी आज थांबायची तयारी असते, ते शिकतातही आणि तब्येतही राखतात. तसं असेल तर शिक्षणाला श्रेय देण्याचं कारण नाही.

हा गुंता सोडवायला संशोधकांनी कायद्यांचा आधार घेतला. सरकार एके दिवशी ठरवतं की आता अमुक वयापर्यंत शाळा सोडता येणार नाही. त्या तारखेच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या मुलांची घरं, शरीरं, स्वभाव सारखेच, शाळेची वर्षं तेवढी वेगळी. ल्येरास-म्युनी यांनी अमेरिकेतल्या १९१५ ते १९३९ या काळातल्या अशा कायद्यांवरून २००५ साली दाखवलं की शाळेच्या एका जादा वर्षाने पुढे प्रौढपणी मृत्यूचं प्रमाण चांगलंच घटतं. यावर खूप आनंद झाला. नंतर इतरांनी प्रत्येक राज्यात आधीपासून चालत आलेले बदल हिशेबात धरले, तेव्हा तो परिणाम डळमळला.

ब्रिटनचा दाखला आणखी कडक आहे. तिथे शाळा सोडण्याचं किमान वय १९४७ साली १४ वरून १५ आणि १९७२ साली १५ वरून १६ केलं गेलं. मुलं खरोखर जास्त काळ शाळेत राहिली. तरीही २०१३ साली डेमन क्लार्क आणि हेदर रॉयर यांना मृत्युदरात दखल घेण्यासारखा फरक सापडला नाही. स्वीडनमधल्या शाळासुधारणेच्या अभ्यासांतूनही मृत्युदरावर फारसा परिणाम दिसला नाही.

माझं मत असं: शाळा नको असलेल्या मुलाला आणखी एक वर्ष बाकावर बसवून ठेवलं, तर त्या वर्षातून आरोग्य निघेलच असं नाही. त्या वर्षात काय शिकवलं, त्यातून पुढे कोणतं काम मिळालं आणि देशात मुळात आरोग्यसेवा किती सर्वांसाठी खुली आहे, यावर ते ठरतं. १९४८ पासून ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. दवाखान्याचं दार प्रत्येकाला उघडं असेल तर शिक्षणाचा वेगळा फायदा कमी उरणं साहजिक आहे. गरीब देशात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, चित्र निराळं आहे. ते प्रश्न ७ मध्ये.

५. शाळेत जंताची गोळी देतात. तिचा आणि शिक्षणाचा काही संबंध आहे, की नुसता सरकारी कार्यक्रम?

संबंध आहे, आणि बाण इथे उलट्या दिशेने जातो: आरोग्याकडून शिक्षणाकडे. केनियाच्या बुसिया भागातल्या शाळांमध्ये जंतनाशक गोळ्या दिल्यावर गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, असं एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलं. गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला, कारण गावातला संसर्गच कमी झाला. त्याच मुलांना वीस वर्षांनी गाठलं तेव्हा जास्त वर्षं गोळ्या मिळालेल्यांचा घरखर्च १४ टक्क्यांनी आणि ताशी कमाई १३ टक्क्यांनी जास्त निघाली.

यावर मोठा वादही झाला. दुसऱ्या संशोधकांनी हिशेब पुन्हा मांडला, त्यात काही आकडे कमकुवत निघाले. आणि जिथे जंतांचं प्रमाण मुळातच कमी आहे तिथे एवढ्या लाभाची अपेक्षा धरू नये. पण गोळी अगदी स्वस्त आहे, त्यामुळे लाभ निम्मा धरला तरी सौदा वाईट नाही. भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळतात. १ ते १९ वयोगटाला अल्बेंडाझोल देतात. त्या दिवशी मूल आजारी असेल तर गोळी देत नाहीत, नंतरच्या फेरीत देतात. ‘गोळीने चक्कर येते’ म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

सगळेच आजार मात्र असे वागत नाहीत. भारतात १९५० च्या दशकात हिवताप निर्मूलनाची मोहीम झाली. लहानपणी तिचा लाभ मिळालेल्या पुरुषांच्या घरचा खर्च पुढे थोडा वाढलेला दिसला, पण शाळेची वर्षं वाढलेली दिसली नाहीत. अंगात ताकद आल्यावर मूल शाळेत जास्त टिकतं, तसं मजुरीलाही जास्त उपयोगी पडतं. दोन्ही ओढी एकमेकींना छेद देतात.

६. आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर घातलेला पैसा सगळ्यात जास्त फळतो?

पहिल्या दोन-तीन वर्षांत. याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा ग्वाटेमालातून येतो. तिथल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मुलांना पूरक पेय दिलं जात होतं. दोन गावांत ‘आतोले’ नावाचं प्रथिनयुक्त पेय, दोन गावांत ‘फ्रेस्को’ नावाचं प्रथिनं नसलेलं हलकं पेय. तीन वर्षांच्या आत आतोले मिळालेले मुलगे मोठे झाल्यावर ताशी सुमारे ४६ टक्के जास्त कमावत होते. तीन वर्षांनंतर ज्यांना ते मिळालं त्यांच्यात हा फरक नव्हता. स्त्रियांची मजुरी वाढली नाही, पण शाळेतली वर्षं वाढली.

याचा अर्थ शाळेचा पाया शाळेच्या आधी, अंगणवाडीत घातला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. राज्य श्रीमंत असूनही हा आकडा देशाच्या सरासरीला चिकटून आहे. पहिलीच्या वर्गात ही मुलं येतात तेव्हा शिक्षिकेच्या हातून बराच वेळ आधीच निसटलेला असतो. तीन वर्षांनंतर सगळं संपतं असंही नाही. प्रश्न ७ मधला शालेय आहाराचा दाखला वाचा.

७. दर वेळी आईच्याच शिक्षणावर भर का? बापाच्या शिक्षणाला किंमत नाही का?

आहे, पण मूल दिवसभर कुणाच्या हाताखाली असतं ते बघा. जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ साली नायजेरियाच्या अभ्यासातून दाखवलं की आई शिकलेली असेल तर बालमृत्यू कमी होतात, आणि हा फरक केवळ घरच्या पैशाने किंवा बापाच्या कामाने उलगडत नाही. शिकलेली सून ताप आलेल्या मुलाला घेऊन, सासूच्या परवानगीची वाट न पाहता दवाखान्यात जाते. तिला तिथे बोलता येतं. मुलाच्या वाट्याचं ताटात पडतं की नाही यावर तिचा शब्द चालतो.

आपल्याकडे पाचव्या सर्वेक्षणात, शाळेत न गेलेल्या आयांची ४६ टक्के मुलं बुटकी होती, बारावी किंवा पुढे शिकलेल्या आयांची २६ टक्के. यातला काही फरक घरच्या ऐपतीचा आहे, सगळा शिक्षणाचा नाही (प्रश्न ४ मधली शंका इथेही लागू). तरी एक वाट स्पष्ट दिसते: शाळा चालू तोवर लग्न पुढे जातं. महाराष्ट्रात २०-२४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कोवळ्या वयातलं बाळंतपण, कमी वजनाचं मूल, त्याचं मागे पडणं ही पुढची साखळी तिथून सुरू होते.

शाळेतलं जेवणही या साखळीत येतं. लहानपणी शाळेत मध्यान्ह भोजन मिळालेल्या मुलींना पुढे जी मुलं झाली, त्यांची उंची वयाच्या मानाने जास्त भरली, असं भारताच्या आकडेवारीवरचा २०२१ सालचा अभ्यास सांगतो. आजची खिचडी पुढच्या पिढीच्या अंगी लागते. कोणत्या अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात हा लाभ दिसणार? खर्च शिक्षण खात्याच्या नावावर, फायदा पंचवीस वर्षांनी आरोग्य खात्याला, म्हणून दोन्ही खात्यांना तो आपला वाटत नाही.

८. म्हणजे अडाणी बाई आरोग्य सांभाळू शकत नाही, असं म्हणायचंय का?

मुळीच नाही, आणि याचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. गावाने निवडलेल्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपणं, मुलांची वजनं, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी या गोष्टी त्यांनी हातात घेतल्या आणि बालमृत्यू घटले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने थोडंफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत केलं, नवजात बाळांचं मृत्युप्रमाण हजारी ६२ वरून साधारण २५ वर आलं. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मग शाळा कशाला? कारण या स्त्रियांच्या मागे सतत प्रशिक्षण देणारं, अडल्यावर धावून येणारं एक केंद्र होतं. असं केंद्र प्रत्येक तालुक्याच्या नशिबी नसतं. शाळेतून मिळते ती नवी माहिती स्वतः शोधून पारखण्याची सवय, आणि ती माणसाबरोबर गाव बदलून जाते.

९. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं काय? त्यांना हे सगळं कसं लागू होतं?

सगळ्यात कठोरपणे लागू होतं. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि हंगाम संपेपर्यंत फडावर राहतात. म्हणजे शाळेचं अर्धंअधिक वर्ष गेलं. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. काही चालली, काही कागदावर राहिली. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, आणि दिवस चुकला तर खाड्याचे पैसे कापले जातात.

इथे पाळीच्या दुखण्याची किंमत रुपयांत ठरते. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ‘बाई शिकलेली असती तर पिशवी काढायला तयार झाली नसती’ असं काहीजण सहज म्हणतात. शिक्षणाने तिला दुसरं मत घ्यायचं सुचलं असतं, हे खरं. पण खाडा तर तसाच राहिला असता. माहिती वापरायला सुट्टी लागते, पाणी लागतं, न्हाणीघर लागतं. म्हणून इथे नुसत्या शिक्षणाचा सल्ला मला अपुरा वाटतो.

१०. जास्त जगण्याची खात्री असेल तर माणसं जास्त शिकतात का?

हो. फळ खायला वर्षं जास्त मिळणार असतील तर झाड लावायला हुरूप येतो. श्रीलंकेत १९४६ ते १९५३ या काळात मातामृत्यू झपाट्याने घटले. हा फायदा फक्त मुलींच्या आयुष्याला होता, त्यामुळे मुलांशी तुलना करता आली. जिथे घट जास्त, तिथे मुलींची साक्षरता मुलांच्या मानाने जास्त वाढली. उलट दाखला अमेरिकेतला: हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार आपल्याला होणार हे ज्यांना तरुणपणीच कळतं, ते कॉलेज पुरं करण्याची शक्यता कमी असते.

११. पूर्वी तर शिकलेल्यांची मुलंही पटापट जात. तेव्हा शिक्षण कुठे गेलं होतं?

बरोबर पकडलंत. १९०० च्या सुमाराला अमेरिकेत खुद्द डॉक्टरांची मुलं सरासरीपेक्षा किंचितच कमी मरत. जंतूंपासून मूल कसं वाचवायचं हे घरोघरी वापरता येईल असं ज्ञानच तेव्हा रुळलेलं नव्हतं. ज्ञान आल्यावर अंतर पडायला लागतं. सिगारेटचंही तेच. धूम्रपानाने कर्करोग होतो असा अमेरिकी सरकारचा अहवाल १९६४ साली आला आणि त्यानंतर शिकलेल्यांनी सिगारेट जास्त वेगाने सोडली. नवं औषध, नवी तपासणी, नवी लस आली की सुरुवातीला विषमता वाढते. कमी शिकलेल्यांपर्यंत ती मुद्दाम पोचवावी लागते. मिश्री लावणाऱ्या आजीला पाकिटावरचं चित्र दाखवून भागत नाही, आणि मिश्री तर पुष्कळदा घरीच भाजलेली असते.

१२. आमच्याकडे शुगर, बीपी शिकलेल्यांनाच जास्त. मग तुमचं गणित उलटं नाही का?

भारतात अजून बऱ्याच अंशी तसं दिसतं. शिक्षणाबरोबर पगार, गाडी, बसून काम आणि बाहेरचं खाणं येतं. श्रीमंत देशांत हीच गोष्ट उलटी झाली आहे. तिथे लठ्ठपणा आणि मधुमेह कमी शिकलेल्यांत जास्त. आपल्याकडेही शहरांत वारा त्याच दिशेने वाहतो आहे. आफ्रिकेतल्या काही देशांत एचआयव्हीच्या साथीचं असंच झालं: सुरुवातीला शिकलेल्या, फिरतीवर असणाऱ्या, पैसेवाल्या लोकांत प्रमाण जास्त होतं, युगांडात प्रतिबंधाची माहिती पसरल्यावर शिकलेल्या तरुणींमध्ये ते घटलं.

शिवाय निदानाचा प्रश्न असतोच. जो तपासतो त्यालाच शुगर ‘निघते’. याचं पुढचं रूप खालच्या प्रश्नात.

१३. केरळ सगळ्यात साक्षर, पण तिथेच लोक सगळ्यात जास्त आजारी असल्याचं सर्वेक्षणात निघतं. हे कसं?

‘तुम्ही आजारी आहात का?’ या प्रश्नाचं उत्तर आजारावर जितकं अवलंबून, तितकंच जाणिवेवर. अमर्त्य सेन यांनी २००२ साली हेच दाखवलं: केरळात आयुर्मान देशात सर्वाधिक आणि लोकांनी स्वतः सांगितलेली आजारपणंही सर्वाधिक; बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि तक्रारीही कमी. कंबरदुखी ‘वयाची’ म्हणून सोडून देणारी बाई सर्वेक्षणात निरोगी ठरते. केरळात वृद्धांचं प्रमाणही जास्त आहे, त्याचाही वाटा आहे. म्हणून दोन जिल्ह्यांची तुलना करताना मृत्युदर, उंची, हिमोग्लोबिन असे मोजलेले आकडे घ्या.

१४. पदवीच्या पुढे शिकून तब्येतीत फरक पडतो का?

गरिबीची रेषा ओलांडली की फरक थांबेल असं वाटतं, पण थांबत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात कुणीही उपाशी नव्हतं, तरी नोकरीच्या वरून दुसऱ्या पायरीवरच्यांत मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्यांपेक्षा जास्त निघालं. पायरी आणि शिक्षण एकच नव्हे, पण एकातून दुसरं येतं.

अमेरिकेत पदवी ही एक मोठी फट झाली आहे. अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांच्या हिशेबाने, पंचविशीनंतरच्या अपेक्षित आयुष्यात पदवीधर आणि इतर यांच्यातलं अंतर १९९२ साली सुमारे अडीच वर्षांचं होतं, ते २०२१ साली साडेआठ वर्षांचं झालं. या वाढीला दारू, आत्महत्या आणि अमली औषधांचे मृत्यू कारणीभूत आहेतच, हृदयविकाराचाही मोठा हात आहे. पदवी नसलेल्याला तिथे बरी नोकरी मिळेनाशी झाली आणि विमा तर नोकरीलाच बांधलेला. याचा अर्थ पदवीत औषधी गुण आहे असा मी घेत नाही. पदवी नसल्याची शिक्षा तिथे वाढत गेली, असा घेतो.

१५. पन्नाशीनंतर शिकून काही उपयोग?

मेंदूला उपयोग आहे, असं मानायला जागा आहे. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात कमी शिक्षण आहे; पण ते लहानपणीचं. पन्नाशीत त्याच यादीतल्या रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं या गोष्टींकडे आधी बघा. कानाचं यंत्र लावायची लाज वाटते म्हणून लोकांत मिसळणं सोडणारे कितीतरी आजोबा आपल्या माहितीत असतात.

१६. घरात पैसे मोजकेच. मुलीची अकरावीची फी भरू की आरोग्य विम्याचा हप्ता?

फी भरा, आणि विम्याचं आधी फुकटात काय मिळतं ते बघा. देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. तरी एका मोठ्या ऑपरेशनने घर कर्जात जातं आणि शाळा सुटते ती बहुधा मुलीची. म्हणून संरक्षण हवंच. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार यादीतल्या रुग्णालयांत मोफत मिळतात. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच तपासा. ऐन वेळी तिथेच अडतं. आपल्या जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला) विचारून लिहून ठेवा. भरती न होता बाहेरच्या बाहेर होणारी तपासणी आणि रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत, त्यासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढावी लागेल.